चौपाटीवरचे विमान आणि पडद्यावरचे विमान

वैमानिकाच्या आयुष्यावरचा चरित्रपट, म्हणजे एखाद्या खऱ्या व्यक्तीचे जीवन कथारूपाने मांडणारा चित्रपट, हा त्या जातकुळीतला सर्वांत अडचणीचा प्रकार मानावा लागतो. संताचे किंवा पुढाऱ्याचे मोठेपण त्याच्या शब्दांतून आणि इतरांच्या डोळ्यांतून दाखवता येते. पहिल्या पिढीच्या वैमानिकाचे मोठेपण मात्र एका यंत्रात अडकलेले असते, आणि ते यंत्र जमिनीवरून उचलले गेले की नाही, किती वेळ तरंगले, कोणी पाहिले, या प्रश्नांची उत्तरे अभिनयाने देता येत नाहीत. मराठी माणसाच्या वाट्याला असा एक चित्रपट आला आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट ३० जानेवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला, दिग्दर्शन विभू पुरी यांचे होते आणि तळपद्यांची भूमिका आयुष्मान खुराना यांनी केली होती. चित्रपट चालला नाही, आणि कलाकृती म्हणून त्याचे नाव फारसे निघतही नाही. पण पुराव्याच्या जागी काहीच नसेल तेव्हा चरित्रपट ती जागा कशाने भरतो, हे समजून घेण्यासाठी त्याच्याइतके उपयुक्त उदाहरण शोधून सापडणार नाही.

मराठी प्रेक्षकाला पडद्यावरचे विमान नवीन नव्हते. मुरगूड, कागल, निपाणी या पट्ट्यातल्या माणसाला सिनेमाचे गाव म्हणून कोल्हापूरच ठाऊक असे, आणि १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन गरुडाच्या आकाराच्या विमानातून दाखवले होते. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम त्या विमानातून जातात आणि जिजाई संसारात मागे राहते. दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनी चमत्कार आणि चूल यांचा तोल इतका नेमका साधला की चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रपटगृहात चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. तेथे विमान कसे उडाले असे कोणी विचारले नाही, विचारायचे कारणही नव्हते, कारण संतचरित्रात चमत्कार हा श्रद्धेचा भाग असतो आणि प्रेक्षक त्याच करारावर तिकीट काढतो. अडचण सुरू होते ती हाच करार इतिहासातल्या यंत्राला लावला जातो तेव्हा.

वैमानिकाचा चरित्रपट दुसऱ्या टोकाला जाऊन कसा करता येतो, हे पाहण्यासाठी १९५७ च्या 'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस' या अमेरिकन चित्रपटाकडे वळावे लागते. चार्ल्स लिंडबर्ग या पंचवीस वर्षांच्या टपाल वैमानिकाने २० आणि २१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डपासून पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळापर्यंतचे सुमारे ५,८०० किलोमीटर अंतर एकट्याने, कोठेही न उतरता, साडेतेहतीस तासांत कापले आणि त्यासाठी ठेवलेले २५,००० डॉलरचे बक्षीस मिळवले. पुढे त्याने या उड्डाणावर लिहिलेल्या पुस्तकाला १९५४ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच पुस्तकावरून बिली वाइल्डर या दिग्दर्शकाने चित्रपट केला.

या चित्रपटाचा खरा विषय वजन हा आहे. एका इंजिनाच्या छोट्या विमानात सतराशे लिटर पेट्रोल भरायचे, तर बाकी सगळे कमी करावे लागते, म्हणून लिंडबर्गने रेडिओ घेतला नाही, पॅराशूट घेतले नाही, सहवैमानिक घेतला नाही. पेट्रोलची मोठी टाकी त्याने स्वतःच्या पुढे बसवून घेतली, कारण अपघात झाला तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये चिरडून मरण्याची त्याची तयारी नव्हती; पण त्यामुळे समोरची काचच गेली आणि पुढचे पाहायला पेरिस्कोप, म्हणजे आरशांच्या साहाय्याने आडोशापलीकडचे दाखवणारी नळी, लावावी लागली. होकायंत्रही डोक्याच्या मागे वरच्या बाजूला होते, ते वाचण्यासाठी एका तरुणीने देऊ केलेला हातपर्समधला छोटा आरसा च्युइंगगमने समोर चिकटवला गेला. चित्रपट या आरशावर, चिखलाने जड झालेल्या धावपट्टीवर, शेवटच्या क्षणी ओलांडल्या गेलेल्या तारांवर रेंगाळतो, आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो याच तपशिलांमुळे. नायकाला बोलायला कोणी नाही म्हणून वाइल्डरने विमानात एक माशी सोडली आहे आणि लिंडबर्ग तिच्याशी बोलतो. ही सोय आहे आणि ती सोय वाटते, पण तिच्यामुळे उड्डाणाचा एकही आकडा बदलत नाही.

चित्रपटात दोष पुष्कळ आहेत. पंचविशीतल्या लिंडबर्गचे काम सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या जेम्स स्ट्युअर्टने केले, आणि तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमाने चालवलेला वैमानिक असला तरी वय लपत नाही. तिकीटबारीवरही चित्रपट पडला. शिवाय कथा १९२७ च्या जल्लोषाशी थांबते. लिंडबर्गच्या मुलाचे अपहरण आणि खून, १९३८ मध्ये गोअरिंगच्या हस्ते त्याने स्वीकारलेले नाझी जर्मनीचे पदक, अमेरिकेने युद्धात पडू नये यासाठी त्याने केलेला वादग्रस्त प्रचार, यांतले काहीच पडद्यावर येत नाही. म्हणजे कागदपत्रांचा ढीग असला की चरित्रपट आपोआप प्रामाणिक होतो असे नाही, गाळण्याची सोय त्यालाही असते. पण जे दाखवले ते तपासता येते, कारण मूळ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि कोणीही जाऊन त्याला समोरची काच नाही हे पाहू शकतो.

तळपद्यांकडे वळताना हे सगळे आधार एकेक करून गळतात. त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत पाठारे प्रभू कुटुंबात झाला, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा संबंध होता, आर्य समाजाच्या प्रभावाखाली ते वेदांच्या आणि संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासाकडे ओढले गेले आणि त्यातून विमान तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला, इथपर्यंतचे चित्र बरेचसे स्पष्ट आहे. पुढची कथा अशी सांगितली जाते की १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे माणूस न बसवलेले विमान उडवले, ते सुमारे १,५०० फूट उंच गेले आणि खाली आले, हा प्रयोग न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी पाहिला, पण इंग्रजांच्या दडपणामुळे बडोद्याची मदत थांबली, आणि तळपद्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष एका परदेशी कंपनीला विकले गेले.

कथेतला प्रत्येक माणूस खरा आहे, म्हणूनच ती पटते. मात्र त्या दिवसाचे छायाचित्र नाही, यंत्राचा आराखडा नाही, त्याचा एखादा सुटा भागही हाती नाही, आणि रानडे किंवा सयाजीराव यांच्यासारख्या माणसांभोवती लेखनाचा एवढा व्याप असताना या उड्डाणाचे सर्वमान्य असे समकालीन वर्णन पुढे आलेले नाही. १८९५ ची मुंबई म्हणजे काही निरक्षर खेडे नव्हते. वर्तमानपत्रे भरपूर होती, छायाचित्रकारांची दुकाने होती, आणि चौपाटीवर हजार-दीड हजार फूट उंच गेलेली वस्तू अर्ध्या शहराला दिसली असती.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नोंदवायला हवी. १८९५ साली माणसाविना उडणारे यंत्र ही कल्पना मुळीच अशक्य नव्हती. जर्मनीत ओटो लिलिएंथाल १८९१ पासून पंखांच्या सांगाड्याला लटकून टेकडीवरून तरंगत होता, १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून मरेपर्यंत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि त्यांची उत्तम छायाचित्रे आहेत. अमेरिकेत सॅम्युअल लँगली या शास्त्रज्ञाचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडाले, आणि त्याचे छायाचित्र टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने स्वतः टिपले. तेव्हा मुंबईत कोणी तसा प्रयत्न केला असेल तर ती वेडगळ गोष्ट ठरत नाही. उलट तो जगातल्या एका मोठ्या खटपटीत सामील झालेला माणूस ठरतो. शंका प्रयत्नाबद्दल नाही, यशाबद्दल आहे, आणि ती वाढते ती यंत्र कशावर चालत होते हे ऐकल्यावर.

मरुत्सखाची शक्ती पाऱ्यातून आली असे सांगितले जाते, आणि त्याला आधुनिक पाठिंबा म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेने पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन बनवले होते, याकडे बोट दाखवले जाते. आयन इंजिन म्हणजे एखाद्या मूलद्रव्याच्या अणूंवर विद्युतभार चढवून त्यांना विजेच्या जोरावर प्रचंड वेगाने मागे फेकणारे आणि त्या प्रतिक्रियेने यानाला पुढे ढकलणारे यंत्र. असे पाऱ्याचे इंजिन जुलै १९६४ मध्ये अवकाशात खरोखरच चालवून पाहिले गेले. परंतु त्याचा रेटा हातावर ठेवलेल्या काही ग्रॅम वजनाइतकाच असतो, त्याला सतत वीज पुरवावी लागते, आणि ते निर्वातात चालते. हवेत अणू लगेच इतर अणूंवर आदळून थबकतात. जेथे गुरुत्वाकर्षणाशी झगडून वर उठायचे आहे तेथे त्याचा उपयोग शून्य. पारा तापवून त्याच्या वाफेवर यंत्र चालवायचे म्हटले तर तो पाण्याच्या साडेतेरापट जड, आणि त्याची वाफ विषारी. विमानाचे सगळे शास्त्र वजन वाचवण्यासाठी धडपडते, आणि कथेने इंधन म्हणून निवडला तो नेमका सर्वांत जड द्रव.

हे वजनाचे गणित कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुरगूडहून निढोरी, कागल करत कोल्हापूरला निघालेला प्रवासी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीवरून आणि उजळाईवाडीच्या विमानतळाजवळून जातो, आणि या पट्ट्यात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांच्याशी घरटी कोणाचा ना कोणाचा संबंध असतोच. विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे जुने ऑइल इंजिन हलवायचे तर गाडी जुंपावी लागे, कारण त्याचे बिडाचे अंग आणि जाड फिरते चाक हीच त्याची ताकद होती. राइट बंधूंचे १९०३ चे इंजिन बारा अश्वशक्ती देत असून त्याचे वजन ऐंशी किलोच्या आसपास होते, कारण त्यांचा मिस्त्री चार्ली टेलर याने त्याचे मुख्य अंग ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतले होते आणि हे सगळे काम सहा आठवड्यांत उरकले होते. विमानाच्या शोधात वेदांतील ऋचांइतकीच कष्टाने शोधलेली गोष्ट हे ओतकाम आहे, पण त्यावर गाणे लिहिता येत नाही म्हणून चित्रपटात ते क्वचितच येते.

राइट बंधूंनी आणखी दोन गोष्टी केल्या. १९०१ मध्ये त्यांनी वातबोगदा, म्हणजे पंख्याने वारा सोडलेली पेटी, तयार करून तिच्यात सुमारे दोनशे आकारांचे छोटे पंख तपासले आणि कोणता आकार किती उचल देतो, म्हणजे वाऱ्याच्या प्रवाहात किती वर ढकलला जातो, याचे तक्ते मांडले. आणि हवेत गेल्यावर विमानाचे नाक वर-खाली, पंख डावी-उजवीकडे कलते आणि तोंड आजूबाजूला वळते, या तिन्ही हालचाली वैमानिकाच्या हाती कशा राहतील ते शोधले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण जेमतेम बारा सेकंद आणि १२० फूट झाले. ते पाच जणांनी पाहिले, एकाने कॅमेऱ्याची कळ दाबली. आकडे इतके किरकोळ आहेत की खोटे सांगणाऱ्याने ते कधीच निवडले नसते. १,५०० फुटांच्या शेजारी ठेवले की हे बारा सेकंद फारच दरिद्री दिसतात.

तळपद्यांच्या कथेला ज्या ग्रंथाचा आधार दिला जातो त्या 'वैमानिक शास्त्रा'ची तपासणी १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी केली, एच. एस. मुकुंद आणि एस. एम. देशपांडे हे त्यांतील दोघे. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी आपल्याला स्फुरला असे म्हणून तोंडी सांगितला, दुसऱ्याने उतरवून घेतला, आणि त्यातील विमानांची चित्रे १९२३ च्या सुमारास बंगळूरच्या एका आरेखकाने काढली. शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा होता की ग्रंथाची भाषा अर्वाचीन संस्कृत आहे, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचला गेला, आणि शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास अनुकूल तर नाहीतच, उलट त्यांची रचना उड्डाणाला विरोध करणारी आहे. याच अभ्यासात, सुब्बराय शास्त्रींचा जीवनक्रम सांगताना, एक लहानसे वाक्य येते: मुंबईच्या तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमानांचे नमुने करून पाहिले, पण त्यांतील एकही उडू शकले नाही. चौपाटीच्या भव्य कथेपेक्षा या वाक्यात अधिक माणूस दिसतो, असे म्हणायला हरकत नसावी.

आता 'हवाईजादा' या पार्श्वभूमीवर पाहावा. चित्रपटाचे आधीचे नाव 'बंबई फेअरीटेल' होते, म्हणजे मुंबईची परीकथा, आणि तेच ठेवले असते तर निम्मे आक्षेप उद्भवलेच नसते. त्यातला शिवकर चौथीत वारंवार नापास होणारा उडाणटप्पू आहे, तो सितारा नावाच्या नर्तकीच्या प्रेमात पडतो, आणि पंडित सुब्बराय शास्त्री या वृद्ध, विक्षिप्त गुरूच्या हाताखाली विमान बांधतो. गुरूची भूमिका मिथुन चक्रवर्ती यांनी केली. खरे सुब्बराय शास्त्री १८६६ चे, म्हणजे तळपद्यांपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि १८९५ मध्ये ते जेमतेम एकोणतीस वर्षांचे होते. त्यांचा ग्रंथ कागदावर यायला अजून वीस-पंचवीस वर्षे होती. एका तारखेकडे दुर्लक्ष केले की तरुण सहकारी पांढऱ्या दाढीचा ऋषी होतो आणि दोन समवयस्कांच्या फसलेल्या खटपटीची गोष्ट गुरुशिष्य परंपरेची गोष्ट होते. दंतकथेत विमानात माणूसच नाही. चित्रपटात नायक स्वतः त्यात बसतो. म्हणजे चित्रपट इतिहासाशीच नव्हे, दंतकथेशीही प्रामाणिक राहिलेला नाही. हा प्रभातचाच जुना करार आहे, फरक इतकाच की गरुडाच्या जागी लाकूड, कापड आणि दोऱ्या आहेत आणि प्रेक्षकाला हे घडले होते असे सांगितले जाते.

चित्रपट आला ती वेळही मोठी चमत्कारिक होती. जानेवारी २०१५ च्या ४ तारखेला मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्यावरून देशभर वाद झाला, आणि महिनाअखेर तळपदे पडद्यावर उडाले. अशा वेळी विनोदी, रंगीत, सुखान्त परीकथाही साक्षीपुरावा म्हणून वापरली जाते, दिग्दर्शकाची इच्छा असो वा नसो.

याहून वेगळे काही करता आले असते का, याचे उत्तर मराठीतच आहे. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाचा नायक दादासाहेब फाळके हाही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनच आलेला, तळपद्यांच्याच पिढीचा, घरातल्या वस्तू विकून यंत्राच्या मागे लागलेला माणूस आहे. मोकाशींनीही हलकाफुलका सूर धरला, पण त्यांच्या विनोदाला पायाखाली जमीन होती. फाळक्यांनी आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली होती, त्यांच्या फिती उरल्या होत्या, आणि म्हणून विम्याची पॉलिसी गहाण टाकणे, कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करणे, अशा बारीक गोष्टींतूनच प्रसंग उभे राहिले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बांधला हीदेखील एका कारागिराने परदेशी यंत्राशी घेतलेली झटापटच होती. ती दंतकथा झाली नाही, कारण त्या कॅमेऱ्यातून १९२० मध्ये 'सैरंध्री' बाहेर पडला आणि लोकांनी तो तिकीट काढून पाहिला.

तळपद्यांवरचा खरा चरित्रपट अजून व्हायचा आहे, आणि तो अपयशाचाच चरित्रपट होऊ शकतो. ग्रंथातला श्लोक आणि सुताराच्या हातातली कांब यांच्यामध्ये अडकलेला, लिलिएंथालच्या पंखांची गणिते हाती नसलेला, एकामागून एक नमुने करणारा आणि ते न उडालेले पाहणारा चिराबाजारचा एक माणूस, ही गोष्ट पुराव्याला धरून आहे.

मुंबईतच तिचा उलटा नमुना पुढे घडला. कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि अर्ज-फेरअर्जांत बराच काळ गेल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. व्हीटी-एनएमडी हे त्याचे नोंदणीचिन्ह. शेवटची तीन अक्षरे यादव यांनी, फाईल हलवण्यात ज्यांची मदत झाली त्या तेव्हाच्या पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्या नावांवरून घेतली.